कोरड्यावरचं पोहणं

"मेधा, गुरुवारी पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग असतो. गाणी लावतात, बायका छान आहेत, पाणी छातीच्या वर येत नाही. तुला तिथे जास्त मजा येईल."

योस असं म्हणाला तेव्हा मेधा लिमये तलावाच्या कठड्याला लोंबकळून खोकत होती. नाकातोंडात पाणी गेलेलं, टोपीतून निसटलेली बट डोळ्यावर चिकटलेली. योस काठावर उकिडवा बसला होता. हॉलंडमधल्या बेस्ट या आमच्या गावातल्या निम्म्या पोरांना त्यानेच पोहायला शिकवलं होतं, आणि मंगळवारी संध्याकाळी तो मोठ्या माणसांचाही वर्ग घ्यायचा.

"मी मजेसाठी येत नाही," खोकला आवरून मेधा म्हणाली. "पोहायला येते."

"तुझ्या अंगाला पाणी कळत नाही." त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. बाहेर पाऊस आहे, असं सांगावं तसं त्याने सांगितलं. "काहींना नाही कळत. त्यात लाज कसली?"

"लाज नाही वाटत मला. राग येतोय. पुन्हा दाखव."

योसने काठावरच दोन्ही हात पुढे नेले, बाजूला फाकवले, छातीशी आणले. मेधाने डोळे फाडून पाहिलं, कठडा सोडला आणि पुन्हा बुडाली.

ही २०२०च्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी मेधाच्या मागच्या गल्लीत राहते. करोनामुळे त्या वर्षी कुणाच्या घरी जायची सोय नव्हती, म्हणून आम्ही दोघी कालव्याकाठी हातभर अंतर ठेवून फिरायचो. तिथे तिने मला हे सगळं थोडं थोडं करून सांगितलं. शेवटचा भाग मी स्वतः पाहिला.

मेधा मूळची सांगलीची, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची. तिचा नवरा श्रीधर आइंटहोव्हनकडच्या एका कंपनीत इंजिनियर, आणि ती स्वतः दुसऱ्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. कुठला स्क्रू आधी सैल करायचा, झाकण कुठल्या बाजूला फिरवायचं, कुठे हात घालायचा नाही. शब्दांत ती पक्की आहे. अंगाने मात्र लहानपणापासून धांदरट. शाळेत लेझीमच्या रांगेत सगळ्या मुली पुढे वाकल्या की ही मागे. पंधरा ऑगस्टच्या आधी बाईंनी तिला रांगेतून काढलं आणि शाळेच्या नावाचा फलक धरायला उभं केलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचे वडील, दामोदरराव, सगळ्या भावंडांना मळ्यातल्या विहिरीवर न्यायचे. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि पोराला पाण्यात सोडायचं, ही तिकडची पोहायला शिकवायची पद्धत. हळूहळू एकेकाचा डबा सुटला. मेधाचा काही सुटेना. विश्वासकाका काठावरून ओरडले, "दामू, दगडाला डबा बांधून काय उपयोग?" सगळे हसले. वडीलही हसले. दुसऱ्या दिवसापासून मेधाचं काम ठरलं. विहिरीच्या काठावर बसून सगळ्यांच्या चपला राखायच्या.

त्यानंतर चपला राखणं तिच्या वाट्याला आलं ते आलंच. मुरुडला समुद्रावर, कॉलेजच्या सहलीत, लग्नानंतर गोव्यात. इथे हॉलंडमध्ये आर्या जन्मली, वाढली, इथल्या सगळ्या मुलांसारखी सातव्या वर्षी पोहण्याचे डिप्लोमे घेऊन मोकळी झाली. जिथे तिथे कालवे असलेल्या या देशात पोहणं हे अक्षरओळखीइतकंच धरलेलं. मेधा तिच्या प्रत्येक वर्गाला काचेपलीकडे टॉवेल घेऊन बसलेली असायची.

मग २०२०चा उन्हाळा आला. भारतात जायचा प्रश्नच नव्हता. ऑगस्टात अंगाची लाही लाही व्हायला लागली तेव्हा लिमये मंडळी गावाजवळच्या तळ्यावर गेली. श्रीधर आणि पंधरा वर्षांची आर्या सपासप पोहत तळ्यामधल्या लाकडी तराफ्यावर गेले आणि तिथून हात हलवू लागले. मेधा वाळूत बसून होती. भोवती तिघांच्या चपला, टॉवेल, फोन, चिप्सचं पाकीट. तेवढ्यात एक डच आजी आली, सत्तरी केव्हाच ओलांडलेली. "तुम्ही बसलाच आहात ना? मग माझ्या सामानाकडेही लक्ष ठेवाल?" असं म्हणून तिने पिशवी मेधापाशी ठेवली आणि सरळ पाण्यात शिरली.

"मी त्या बाईला हो म्हटलं," मेधा मला म्हणाली. "तिचा काय दोष? पण त्याच वेळी मनात म्हटलं, बास. चपला राखायच्या नोकरीचा आज राजीनामा."

सप्टेंबरात तिने नाव घातलं. घरी सांगितलं तेव्हा आर्याला हसू आवरेना. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं. "पोहायला? आई, तू तर सायकलवरून उतरतानाही पडतेस."

"पडते आणि उठते," मेधा म्हणाली. "उठलेलं तुम्ही कुणी बघतच नाही."

नोव्हेंबरात मराठी मंडळाची दिवाळी झाली ती संगणकाच्या पडद्यावर. प्रत्येकाने आपापल्या घरच्या चकल्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. शेवटी भार्गवी नावाची मुलगी बोलायला आली. नाशिकची, एनस्खेडेच्या विद्यापीठात संशोधन करणारी. माणूस एखादी हालचाल मनात कशी उभी करतो आणि नवी हालचाल किती चटकन शिकतो, या दोन्हींचा संबंध काय, हा तिचा विषय. प्रयोगशाळेला कुलूप लागलं होतं, म्हणून ती घरबसल्या भाग घेणारी माणसं शोधत होती. मेधाने लगेच हात वर केला. तिचं सगळं लक्ष त्या दिवसांत याच एका गोष्टीवर होतं.

चाचणी सोपी होती. आधी एखादी हालचाल प्रत्यक्ष करायची. मग स्वस्थ बसून तीच हालचाल मनात करायची आणि सांगायचं, किती स्पष्ट दिसली, एक ते सात. किती जाणवली, एक ते सात. पहिल्याच प्रश्नाला मेधा अडली. तिने श्रीधरला हाक मारली.

"हे 'दिसली' म्हणजे काय रे?"

"दिसली म्हणजे दिसली."

"कुठे?"

"मनात. डोळ्यांपुढे येते ना?"

"ती बोलायची पद्धत झाली. खरंच थोडंच काही दिसतं?"

श्रीधर तिच्याकडे बघत राहिला. "दिसतं की. आता तू सांगलीचा आयर्विन पूल म्हण. मी डोळे मिटले. पूल दिसतो. खाली नदी. सकाळची वेळ आहे. कडेला एक म्हैस उभी आहे."

"म्हैस दिसते तुला?"

"हो. काळीभोर. तुला काय दिसतं?"

मेधाने डोळे मिटले. ज्या पुलावरून ती हजार वेळा गेली असेल तो पूल आठवला. त्याचं नाव आठवलं, तो कुठून कुठे जातो ते आठवलं, वाऱ्यावर दुपट्टा उडायचा ते आठवलं. दिसलं मात्र काहीच नाही.

"अंधार," ती म्हणाली.

सत्तेचाळीस वर्षं तिला वाटत आलं होतं की 'डोळ्यांपुढे उभं राहतं' ही लोकांची अलंकारिक भाषा आहे. आता कळलं, सगळ्यांना आत एक पडदा आहे आणि आपल्याला तो नाही. लेझीमच्या बाई करून दाखवायच्या आणि मुली मनात ते धरून ठेवायच्या. ही रांगेत पोहोचेपर्यंत तिच्याकडे धरायला काही उरायचंच नाही. तिने उरलेले प्रश्न प्रामाणिकपणे सोडवले.

निकाल सांगायला भार्गवीने फोन केला. पोरगी संकोचली होती.

"मेधाताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ज्यांना हालचाल मनात स्पष्ट उभी करता येते ते नवी हालचाल सहसा लवकर शिकतात. मनात आधी आराखडा असतो, शरीर त्याच्याशी ताडून बघतं. तुमचा आकडा अगदी तळाशी आहे."

"म्हणजे मला पोहणं येणार नाही?"

"असं नाही म्हणत मी. सरासरीने पाहिलं तर अशा लोकांना जड जातं."

"तुझी सरासरी कधी पाण्यात उतरलीय का?"

भार्गवी गडबडली. "ताई, मी फक्त आकडे…"

"आकडे बरोबर असतील. तू हुशार मुलगी आहेस, खोटं सांगायची नाहीस. पण शाळेत बाई म्हणाल्या हिला जमत नाही, काका म्हणाले ही दगड आहे, योस म्हणतो हिच्या अंगाला पाणी कळत नाही. आता तू शास्त्राच्या भाषेत तेच म्हणतेयस. मी ते घेणार नाही. मला एवढंच सांग, सगळीकडे एकच आहे का? एकही उत्तर वर नाही?"

पलीकडे कळफलकाचा आवाज आला. मग भार्गवी सावकाश म्हणाली, "'दिसलं का'ला सगळीकडे एक. 'जाणवलं का'ला बहुतेक ठिकाणी एक किंवा दोन. पण गुडघा वर उचलायच्या प्रश्नाला तुम्ही तीन दिलेत."

"बघ. पाय जागे आहेत माझे. हे जाणवणं वाढतं का?"

"काही लोकांत सरावाने वाढतं. तुमच्यात वाढेलच असं मी सांगू शकत नाही."

"सांगू नकोस. मी बघते."

डिसेंबरच्या मध्यावर टीव्हीवर घोषणा झाली आणि देश पुन्हा बंद झाला. दुकानं, शाळा, तलाव, सगळ्याला टाळं. योसने वर्गातल्या सगळ्यांना संदेश पाठवला: परिस्थिती सुधारली की भेटू, तोवर फिरायला जा. बाकीचे फिरायला गेले. मेधाने आर्याच्या कीबोर्डचं लांबट स्टूल दिवाणखान्याच्या मधोमध ओढलं, त्यावर पोट टेकवलं आणि हातपाय हवेत मारायला सुरुवात केली.

पहिल्याच दिवशी ती पुढे कलंडली आणि हनुवटी फरशीवर आपटली. आर्याने तोवर फोनवर सगळं टिपलं होतं. "मैत्रिणींना पाठवू?" तिने हसत विचारलं.

"पाठव," हनुवटीला बर्फ लावत मेधा म्हणाली. "आणि खाली लिही, माझी आई पोहायला शिकतेय."

आर्याने काही पाठवलं नाही.

सुरुवातीला मेधाने व्हिडिओ पाहिले. पोहण्याचा जो प्रकार इथे सगळ्यांत आधी शिकवतात त्याला डचमध्ये स्खोलस्लाख म्हणतात. बेडकासारखे पाय, हातांनी पाणी बाजूला सारायचं. पडद्यावर पोरगी लोण्यातून सुरी जावी तशी जायची. मेधा डोळे मिटायची आणि हाती काही राहायचं नाही. मग तिने आपल्या धंद्यातला उपाय केला. हालचालीची वाक्यं केली. 'दोन्ही तळवे बाहेर वळवून पाणी मागे सारावे, कोपरे खांद्यांच्या मागे जाऊ देऊ नयेत.' वाक्यं चोख होती, पण ती पुरी म्हणून होईपर्यंत हात भलतीकडेच गेलेले असायचे. तिने वाक्यं कापायला घेतली. शब्द गळत गळत शेवटी चार उरले. ओढ, घे, मार, जा. हातांनी ओढ, श्वास घे, पाय मार, आणि मग अंग सोडून नुसती पुढे जा.

चार शब्द तोंडात बसले. पायांना मात्र काही कळेना. बेडकाची लाथ मारताना पावलं बाहेर वळायला हवीत, आणि आपली पावलं कुठे वळलीत हे तिला मान वळवून बघितल्याशिवाय समजत नव्हतं. एका रविवारी ती वैतागून स्टुलावर तशीच पडून राहिली. श्रीधर चहा घेऊन आला.

"अरे, माझे तळपाय धर," ती म्हणाली.

"काय?"

"तळपाय. तुझे तळहात माझ्या तळपायांना लाव आणि घट्ट उभा राहा. मी ढकलते."

श्रीधरने चहा खाली ठेवला आणि गुडघ्यावर बसून तिचे पाय धरले. तिने ढकललं. "ह्यात नुसती बोटं लागतायत मला," तो म्हणाला. "पाऊल बाहेर वळव. अजून. हं, आता पूर्ण लागलं." तिने पुन्हा ढकललं आणि तळपायाच्या आतल्या कडेवर, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, सरळ एक दाब उमटला.

"थांब," मेधा ओरडली. "हलू नकोस. इथे. इथे पाणी असतं! योस तीन महिने सांगत होता, पाणी ढकल, पाणी ढकल. मला कळेना, कुठलं पाणी? सगळीकडेच तर आहे. ते इथलं, ह्या कडेचं!"

चहा गार होईपर्यंत तिने श्रीधरला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे खांदे दुखत होते.

त्यानंतर तिने एक वेगळाच उद्योग आरंभला. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती गालिच्यावर उताणी पडायची, डोळे मिटायची आणि जराही न हलता तो दाब तळपायावर आणायचा प्रयत्न करायची. पहिल्यांदा श्रीधरला वाटलं, झोपली. त्याने अंगावर पांघरूण घातलं. "पोहतेय मी, गप्प बस," आतून आवाज आला. आठवडे गेले, काही येईना. ढकलून घेतल्या घेतल्या क्षणभर यायचं, की गेलं. तिने सोडलं नाही. फेब्रुवारीत बर्फ पडून गेलं, कालवा गोठला, लोक त्यावर स्केटिंग करत गेले, आणि ही आपली गालिच्यावर.

एके दिवशी ऑफिसची बैठक चालू होती. पडद्यावर दहाबारा चौकटी, कुणीतरी वेळापत्रक वाचत होतं. मेधाच्या तोंडात सवयीने ते चार शब्द फिरत होते. 'मार'पाशी आली आणि टेबलाखाली स्वस्थ टेकलेल्या तिच्या पायांना, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, दाब जाणवला. कुणी धरलं नव्हतं. पाय हलला नव्हता. ती इतकी दचकली की साहेबांनी विचारलं, "मेधा, तुला काही म्हणायचंय?"

"नाही," ती म्हणाली. "मी ठीक आहे. उत्तम आहे."

मार्चमध्ये लहान मुलांचे पोहण्याचे वर्ग सुरू झाले, मोठ्यांना अजून परवानगी नव्हती. जुम्बो सुपरमार्केटमध्ये भाजी घेताना मेधाला योस भेटला. दोघांच्या तोंडाला मास्क.

"गुरुवारच्या वर्गाची यादी करतोय," योस म्हणाला. "घालू तुझं नाव?"

"मंगळवारच्या वर्गात आहे माझं नाव. ते खोडू नकोस."

"तू हट्टी आहेस."

"आहे."

मे महिन्यात तलाव उघडला. मेधा पहिल्या मंगळवारी सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिली. चार शब्द म्हटले, काठ ढकलला, आणि दगडासारखी खाली गेली. दिवाणखान्यात सगळं जागच्या जागी होतं. इथे पाणी कानात घुसलं, छत हललं, पाय ढकलायला गेले तर ढकलायला काही सापडलंच नाही. पाण्याला श्रीधरचे तळहात नव्हते. योसने लांब काठी पुढे करून तिला ओढून काढलं.

"पूर्ण हिवाळा घरात पोहलीस," तो म्हणाला, "आणि आहेस तिथेच आहेस."

मेधा उथळ पाण्यातल्या पायऱ्यांवर बसली. डोळ्यांत पाणी होतं, ते तलावाचं नव्हतं. योसला वाटलं आता ही कपडे बदलायला जाणार. ती गेली नाही. कठडा धरून पालथी झाली, पाय मागे तरंगू दिले आणि हळू लाथ मारली. काही नाही. जरा जोरात. काही नाही. पावलं अजून बाहेर वळवून एकदम झटक्याने मारली. तिथे, आतल्या कडेवर, अगदी पुसटसं, कुणीतरी बोट टेकवावं तसं काहीतरी लागलं. पाण्याचा हात मऊ होता. हळू गेलं की तो बाजूला व्हायचा, चपळाईने गेलं की सापडायचा. तो अख्खा वर्ग तिने कठड्याला धरून तो हात शोधण्यात घालवला. योसने तिला एकटं सोडलं.

पुढच्या मंगळवारी तिने डोळे घट्ट मिटले आणि काठ सोडला. ओढ. घे. मार. दोन्ही तळपाय भरले. आणि मग 'जा'. ते तिला सगळ्यांत अवघड होतं. काही न करणं. तिने काही केलं नाही. कानांत शांतता झाली, पोटाखालून पाणी सरकत गेलं, आणि मेधा लिमये आयुष्यात पहिल्यांदा पाण्यावरून पुढे गेली. पुन्हा ओढ, घे, मार, जा. तिसऱ्या खेपेला घाई झाली, गटांगळी खाल्ली, खोकत वर आली.

"पुन्हा," योस म्हणाला. एवढंच.

जूनच्या शेवटी ती तलावाची पूर्ण लांबी पोहली, तेही डोळे मिटून. योस काठाने तिच्याबरोबर चालत होता.

"डोळे उघडे ठेव. भिंतीला धडकशील."

"धडकेन तेव्हा बघू. मला आतून यावं लागतं ते."

तिने भिंत पकडली. योस नेहमीसारखा उकिडवा बसला. म्हणाला, "मी चुकलो असं नाही म्हणणार. तेव्हा मी म्हणालो ते खरं होतं."

"खरं नव्हतं," मेधा म्हणाली. "अपुरं होतं. माझ्या अंगाला पाणी कुठे कळतं, ते तू शोधलंच नाहीस."

योसने मान हलवली. पटलं की नाही, कोण जाणे. पण पुढच्या आठवड्यापासून तो नवीन येणाऱ्यांचे तळपाय हातात धरून बघू लागला, हे मात्र मेधाने पाहिलं.

भार्गवीने चाचणी पुन्हा घेतली. 'दिसलं का' याला मेधाने पुन्हा सगळीकडे एक दिला. पायांच्या 'जाणवलं का'ला मात्र आकडा पार वर गेला होता. हात जवळजवळ होते तिथेच.

"ताई, हे मला प्रबंधात घालता येणार नाही," भार्गवी म्हणाली. "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. शिवाय जाणीव वाढली म्हणून पोहणं आलं, की पोहणं आलं म्हणून जाणीव वाढली, तेही मला सांगता येत नाही."

"नको घालूस. तुझ्या आलेखात बसावं म्हणून मी पोहले नाही. पण एक ऐक. यापुढे कुणाला निकाल सांगशील तेव्हा त्याचा तळाचा आकडा सांगितल्यावर फोन ठेवू नकोस. कुठे थोडं वर आहे तेही सांग. त्याने विचारायची वाट बघू नकोस."

"हे पटलं," भार्गवी म्हणाली. "हे करेन मी."

सप्टेंबरात मेधाची ए डिप्लोमाची, म्हणजे पोहण्याच्या पहिल्या डिप्लोमाची, परीक्षा होती. मोठ्यांमध्ये तेव्हा ती एकटीच तयार झाली होती, म्हणून तिला मुलांच्या परीक्षेत घेतलं. घरच्यांना काचेपलीकडे उभं राहायची मुभा होती. श्रीधर, आर्या आणि मी तिथून बघत होतो; आतलं बोलणं मेधाने नंतर सांगितलं. पाचसहा वर्षांच्या पोरांची रांग, आणि त्यांच्यामागे सलवार-कमीज आणि कापडी बूट घातलेली मेधा. कारण परीक्षेचा पहिला भाग अंगावरच्या कपड्यांनिशी असतो. माणूस कालव्यात पडतो तो काही पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. योस सलवारीकडे पाहून म्हणाला, "पँट चालली असती." मेधा म्हणाली, "कालव्यात पडेन तेव्हा हेच अंगावर असेल." भिजून खाली ओढणाऱ्या कापडासकट तिने तो भाग पार केला.

मग पाण्यात सोडलेला निळा पडदा. त्याला मधे भोक. पाण्याखालून जाऊन त्या भोकातून पलीकडे निघायचं. पोरं माशांसारखी गेली. मेधाने उडी मारली, खाली गेली आणि थेट पडद्याला धडकली. भोक सापडलंच नाही. ती वर आली. काचेच्या या बाजूला श्रीधरने माझा दंड इतका घट्ट धरला की मला ओरडावंसं वाटलं.

परीक्षक बाई म्हणाल्या, "अजून एक संधी आहे. जरा दम घे, हवं तर."

"दम आहे माझ्यात," मेधा म्हणाली आणि वर चढून तशीच उडी मारली. या वेळी तिने पडद्याला आधी हात लावला, चाचपत भोकाची कड शोधली, कड धरून डोकं आत घातलं आणि दोन्ही पायांनी मारलं. पलीकडे काळी टोपी पाण्याबाहेर आली.

आर्या काचेवर मुठी आपटत ओरडली, "आई! जा! जा ना!" तिच्या तोंडून मराठी असं मोठ्याने मी पहिल्यांदाच ऐकलं. आतमध्ये काही ऐकू जात नव्हतं. मेधा उरलेल्या लांब्या सावकाश, आपल्या चालीने, पोरं कधीच संपवून बसल्यावरसुद्धा, पुऱ्या करत राहिली. बाकावर टॉवेलात गुंडाळलेली पोरं तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

हस्तांदोलन बंद होतं, म्हणून योसने कोपराला कोपर लावून डिप्लोमा तिच्या हातात दिला.

"अभिनंदन. बी डिप्लोमाचा वर्ग जानेवारीत सुरू होईल."

"जानेवारीत हा तलाव उघडा असेल याची खात्री तू देतोस?" मेधाने विचारलं. तिच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. "उद्या उघडा आहे ना? मी उद्या येते."